सगळं पित्तच!

जेवल्यावर मळमळतं म्हणणाऱ्याला ‘पित्त असेल’ असं सांगायला मला पदवी लागत नाही, नाडी लागत नाही, त्याचं बोलणं पुरतं ऐकायचीही गरज पडत नाही. मराठी घरात जन्मजात वैद्यांची वाण नाही. मी त्यांतला स्वतःपुरता नामांकित. पित्तासारखं सोयीचं निदान दुसरं नाही. चहा जास्त झाला तरी ते होतं, वेळेवर मिळाला नाही तरी होतं. उपासानं होतं आणि उपासाच्या साबुदाण्यानंही होतं. जागरणानं होतं, दुपारच्या झोपेनं वाढतं. वर आमसुलाचं सार, मोरावळा, आलेपाक. हेही लागू पडलं नाही तर मीठ-मोहऱ्या उतरवून टाकायच्या. ज्याला चूक ठरणंच ठाऊक नाही, असं निदान कोण सोडेल?

‘पण सोडा घेतला की बरं वाटतंच ना?’ वाटतं. आम्ल दबलं की अल्सरवाल्यालाही वाटतं. अल्सर मात्र जागच्या जागी राहतो. तो तिखटानं आणि काळजीनं होतो असं डॉक्टरही मानत, म्हणून त्यामागे जंतू असतो हे पटवायला 1984 साली बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं हेलिकोबॅक्टर जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखून मळमळलं तर पित्ताशयातले खडे आठवावेत. जुन्या मधुमेहात चार घासांतच पोट भरलं तर मंदावलेलं जठर. लोहाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या, कावीळ, गरोदरपणाचे पहिले महिने, यांचाही हक्क आहेच. आणि जेवणानंतर काही तासांतच पंगतीतल्या अनेकांना उलट्या झाल्या, तर संशय अन्नावर. स्टॅफिलोकोकस जंतूंचं विष अन्न पुन्हा उकळूनही जात नाही.

तेलंगणातल्या वांकिडीच्या आदिवासी मुलींच्या आश्रमशाळेत 2024च्या ऑक्टोबरअखेर साठएक मुली अन्नातून विषबाधा होऊन आजारी पडल्या. इतक्या जणींना एका वेळी पित्त होत नाही, हे माझ्यातल्या वैद्यालाही कळतं. त्यांतली नववीतली एक मुलगी 25 नोव्हेंबरला हैदराबादच्या निम्स रुग्णालयात वारली. इथं विनोद थांबतो आणि राग येतो. साठ जणी होत्या म्हणून निदान बातमी तरी झाली. एकटीच मुलगी ‘मळमळतंय’ म्हणाली असती, तर ‘शाळा बुडवायचे नखरे’ म्हणून तिची बोळवण करणारे आपणच. तेव्हा कोणी तक्रार केली की आधी विचारा: काय खाल्लं, किती वेळानं झालं, आणखी कोणाला झालं? उलटीत रक्त, पिवळे डोळे, घटतं वजन, किंवा आठवडा उलटूनही न जाणारी मळमळ असेल, तर घरच्या वैद्याला गप्प बसवून सरळ डॉक्टरकडे न्या.