उताऱ्यात कुठं लिहिलंय?

पोरांच्या परीक्षेला स्वतःच बसल्यासारखे वागणारे बाप तुमच्याही गल्लीत आहेतच, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. पेपर सुटायच्या अर्धा तास आधी फाटकाशी उभे असतात आणि पोर बाहेर आलं की पाण्याची बाटली न देता आधी प्रश्नपत्रिका मागतात, तेच हे. आमच्या नवनागापुरातल्या नमुन्याला सगळे अण्णा म्हणतात. अण्णा एमआयडीसीत आहेत, क्वालिटीत. तयार झालेल्या जॉबच्या भोकात प्लग गेज घालायचा. 'गो' बाजू आत गेली पाहिजे, 'नोगो' बाजू अडकली पाहिजे. यात जरा इकडंतिकडं झालं की जॉबवर लाल पट्टा आणि रवानगी रिजेक्शनच्या पेटीत. हे काम माणसानं आठ तास करावं आणि घरी येऊन विसरावं. अण्णा ते घरी घेऊन यायचे, पण निदान जगाला त्याचा त्रास नव्हता. मग सीयूईटी आली.

अण्णांची लेक बारावीला, आर्ट्सला. तिला दिल्ली विद्यापीठात इतिहास शिकायचा होता. हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं ते अजून उघड झालेलं नाही; अण्णांचा संशय माझ्यावर आहे. 2022 पासून तिथला प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर होत नाही, सीयूईटी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. त्यात भाषेचा एक पेपर, आणि त्या पेपरचा कणा म्हणजे उतारा. माहितीपर उतारा, वाङ्मयीन उतारा, कथनात्मक उतारा. वाचायचं आणि चार पर्यायांतला एक निवडायचा. बरोबर आला तर पाच गुण, चुकला तर एक वजा. चार पर्याय, एक गो, तीन नोगो. अण्णांना वाटलं, ही परीक्षा आपल्यासाठीच काढली आहे.

नगरातून इंग्रजी उताऱ्यांचं जाडजूड पुस्तक आलं. सेकंड शिफ्ट सुटली की अण्णा बाराच्या सुमारास घरी येणार, हातपाय धुणार आणि ताट समोर यायच्या आधी लेकीसमोर उतारा ठेवणार. मोबाइलवर वेळ लावलेली. पहिल्याच आठवड्यात मधमाश्यांवरचा उतारा आला. मधमाश्या कमी होत चालल्यात, असं त्यात होतं. पोरीनं पर्याय निवडला, 'शेतकऱ्यांचं नुकसान होईल.'

"उताऱ्यात कुठं लिहिलंय?" अण्णा म्हणाले.

"पण खरंय ना, पप्पा. आपल्याच गावाकडं डाळिंबाचं काय झालं?"

"खरं असंल. उताऱ्यात नाही." आणि त्यांनी लाल पेननं पट्टा मारला.

इथवर कुणाचीच तक्रार नव्हती. उताऱ्याबाहेरचं ज्ञान उत्तरात आणू नये, हा नियम शिकवणीवालेही सांगतात. पण शिकवणीवाले तो वर्गात ठेवून घरी जातात. अण्णांनी तो पायात चप्पल घालून बाहेर काढला. वहिनी म्हणाल्या, "दूध संपलंय." अण्णा खुर्चीतून हलले नाहीत. दूध संपलंय हे विधान झालं, आणायला जा असं त्यात कुठं लिहिलंय? बोल्हेगाव फाट्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, वर 'भावी नगरसेवक', खाली तीस डोकी. अण्णा सायकल उभी करून तो शेवटच्या डोक्यापर्यंत वाचत बसले आणि ज्याचा वाढदिवस त्यालाच विचारून आले, की कोणत्या वर्षी भावी, ते कुठं लिहिलंय? शहराचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा आम्ही पारावर सगळ्या बाजू मांडत होतो. अण्णा एवढंच म्हणाले, "माझ्या रेशनकार्डावर अजून अहमदनगर लिहिलंय," आणि चर्चा संपवली.

लग्नाच्या पत्रिकेचं प्रकरण तर घरात अजून मिटलेलं नाही. वहिनींच्या चुलत भावाच्या मुलाचं लग्न. पत्रिकेत खाली छापलेलं, 'आपली उपस्थिती हाच आहेर'. अण्णा सहकुटुंब उपस्थित राहिले, दोनदा जिलबी घेतली आणि रिकाम्या हातांनी परत आले. वहिनींनी पिशवीत घेतलेलं पातेलं त्यांनी रिक्षातच अडवून धरलं होतं. "छापलंय ना स्पष्ट! याच्यापेक्षा सोपा पॅसेज नसतो." माहेरचे आता पत्रिकेवर ती ओळ छापत नाहीत, निदान नागापूरला जाणाऱ्या प्रतींवर तरी.

आणि सप्ताह. आमच्याकडं हरिनाम सप्ताह जोरात असतो, कीर्तनकारही नावाजलेले येतात. त्या रात्री महाराजांनी चार चरणांचा अभंग घेतला आणि दीड तास फोडला. त्यात मोबाइल आला, सुना आल्या, हुंडा आला, पाकिस्तान आलं. मंडप डोलत होता. महाराजांनी घाम पुसायला उपरणं तोंडाला लावलं, तेवढ्या शांततेत मागून आवाज आला, "महाराज, हे अभंगात कुठं लिहिलंय?"

टाळकरी थांबले. मृदंगवाल्यानं सवयीनं एक थाप दिली, तीही चुकीच्या जागी. महाराज मुरलेले होते. म्हणाले, "माउली, अभंगात नाही, पण काल्याचा महाप्रसाद कुठं आहे ते मागच्या फळ्यावर लिहिलंय. तेवढं वाचून घ्या." हशा पिकला. अण्णा मात्र खरंच उठून फळा वाचायला गेले, आणि येऊन मला कानात म्हणाले, "वेळ नाही टाकली."

माझ्या घरी ते रविवारी सकाळी यायचे. हातात वर्तमानपत्र, अग्रलेखाची घडी वर. "सर, लेखकाचा सूर कोणता? उपरोधिक, चिंतातुर, तटस्थ की आशावादी?" मी म्हणायचो, "अण्णा, चहा घ्या." ते म्हणायचे, "हा पर्याय दिलेला नाही." मी एकदा वैतागून म्हणालो, की लेखकाला रात्री अकराला मजकूर द्यायचा होता, त्याला सूर बघायला वेळ नव्हता. त्यावर त्यांनी काय विचारलं असेल ते सांगत नाही.

नगरचा अभिमान हा त्यांचा दुसरा आजार. कुठल्याशा उताऱ्याखाली त्यांना कळलं, की पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' आपल्या भुईकोट किल्ल्यात लिहिलं, 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, कैदेत असताना. झालं. इंग्रजी उताऱ्यांचं उगमस्थान नगर, हे पक्कं ठरलं. पोरगी पेंगायला लागली की ते म्हणायचे, "किल्ल्यात बसून त्या माणसानं शेकडो पानं लिहिली, तुला एक पान वाचता येईना?" पोरगी पेंगतच म्हणायची, "त्यांना सकाळी कॉलेज नव्हतं."

याच काळात त्यांना आक्षेपाची सोय कळली. परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरं जाहीर होतात, आणि एखादं चुकीचं वाटलं तर प्रश्नामागं दोनशे रुपये भरून त्याला आव्हान देता येतं. म्हणजे परीक्षा घेणाऱ्यालाही लाल पट्टा मारता येतो! अण्णा दोन दिवस तरंगत होते. घरात कशावरही वाद झाला की म्हणायचे, "चॅलेंज करतो." वहिनी हुशार. त्यांनी देवघराशेजारी एक डबा ठेवला. "दोनशे टाक आधी, मग बोल." अण्णा टाकायचे, हरायचे, आणि नियमानुसार फी परत मिळत नाही हे त्यांना मान्य असायचं. त्या डब्यातून घरात नवा मिक्सर आला.

आता मुख्य गोष्ट. 2024 च्या मे महिन्यात पोरीचं प्रवेशपत्र आलं. अण्णांनी ते चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. भाषेच्या रकान्यात लिहिलं होतं, मराठी.

मला ठाऊक होतं. पोरीनं फॉर्म भरतानाच सांगितलं होतं आणि वर, "काका, पप्पांना सांगू नका" असंही. सीयूईटीत तेरा भाषा आहेत, त्यांत मराठीही आहे. दिल्लीच्या बहुतेक बी. ए. ऑनर्सना त्या यादीतली कुठलीही एक भाषा चालते. इंग्रजीच हवी अशी अट तिच्या अभ्यासक्रमाला नव्हती. पन्नासपैकी चाळीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं, दोनशे गुण. पोरीनं सरळ हिशेब केला होता, की गुण आपल्या भाषेत जास्त पडतील. हे सगळं माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं. ती पुस्तिका अण्णांच्याच मोबाइलमध्ये होती, न उघडलेली. जगभर 'कुठं लिहिलंय' विचारत हिंडणाऱ्या माणसानं नेमकं तेच वाचलं नव्हतं.

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. अण्णा एवढंच म्हणाले, "मराठीचे उतारे आण."

आणले. आणि तिथं अण्णा सपाटून आपटले. पाणीटंचाईवरचा उतारा. अण्णांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या, "हां, कळलं" म्हणाले आणि धडाधड पर्यायांवर खुणा केल्या. निम्मे चुकले. पाथर्डीच्या टँकरवर त्यांना जे जे माहीत होतं ते सगळं उत्तरात उतरलं होतं, उताऱ्यात नसलेलं. पोरीनं लाल पेन उचलला. तिनं तो प्रश्न विचारला नाही, नुसती बघत राहिली. वहिनींनी मात्र आतून विचारला.

मला त्या रात्रीपासून अण्णांचा राग धरणं अवघड झालंय, हे मी नाइलाजानं नोंदवतो. इंग्रजीत हा माणूस शब्द न शब्द चाचपून बघतो, कारण इंग्रजीनं त्याला एकदा फसवलंय. त्यांच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. कारखान्यात सगळा कागद इंग्रजी. नोकरीच्या सुरुवातीला कुणीतरी पुढं केलेल्या कागदावर त्यांनी हजेरी समजून सही केली; ती निघाली चूक कबूल केल्याची. कारखाना कुठला ते ते सांगत नाहीत, सध्याचा नाही एवढंच म्हणतात. हे मला त्यांनी नाही, वहिनींनी सांगितलं, तेही मिक्सर दाखवता दाखवता.

आणि पोरीला मी विचारलं होतं, इंग्रजी घ्यायचंच नव्हतं तर वर्षभर रात्री बाराला उठून ते उतारे का सोडवत बसलीस? ती म्हणाली, "काका, सेकंड शिफ्टला पप्पा भेटतात कधी? सकाळी मी जाते तेव्हा झोपलेले, मी येते तेव्हा गेलेले." मग जरा थांबून म्हणाली, "आणि दिल्लीत इंग्रजी लागणारच आहे." दुसरं कारण तिनं माझ्यासाठी जोडलं असावं. माझ्याकडं पुरावा नाही.

तिला प्रवेश मिळाला. ऑगस्टात कर्नाटक एक्सप्रेसनं ती गेली. स्टेशनवर अण्णांनी तिचं तिकीट खालपर्यंत वाचलं, नाव, वय, बर्थ. घरी वाचून झालं होतं तरी. गाडी हलल्यावर वहिनी रडल्या. अण्णांनी फलाटावरची उद्घोषणा ऐकून सांगितलं, की पुढची गाडी वीस मिनिटं उशिरा आहे, जणू आम्हाला ती पकडायची होती.

वाटलं होतं, आता नागापूर सुटलं. उलट ओघ वाढला. कुणी विम्याची पॉलिसी घेऊन येतो, कुणी फायनान्सवाल्याचं पत्र, कंत्राटी पोरं ठेकेदाराचे कागद घेऊन येतात. अण्णा वेळ लावतात, दोनदा वाचतात, पेनानं ओळी खुणावतात. परवा एका ठेकेदाराचा माणूस समजावत होता, की पोरांनी मधेच काम सोडलं तर महिन्याचा पगार कापायचा असा करारच आहे. अण्णांनी कागद त्याच्या पुढं सरकवला आणि विचारलं. इतक्या दिवसांत त्या प्रश्नावर मला पहिल्यांदाच हसू आलं नाही. ठेकेदाराच्या माणसालाही आलं नाही. तो कागद उलटसुलट करून बघत राहिला.

माहितीपुस्तिका मात्र अण्णांनी मनाला लावून घेतली. पुढच्या वर्षीची आली ती त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. तिच्यात त्यांना कळलं, की आता पर्याय काढून टाकलेत, पन्नासच्या पन्नास प्रश्न सोडवायचे, वेळ एक तास. आणि आणखी एक ओळ सापडली. बारावी उत्तीर्ण असाल तर वयाची अट नाही. अण्णा बारावी उत्तीर्ण आहेत.

"दिल्लीला जाणार की काय या वयात?" वहिनी म्हणाल्या.

"परीक्षा दिली की जायलाच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?" अण्णा म्हणाले, आणि फॉर्म भरला. भाषा, इंग्रजी.

2025 च्या मे महिन्यात त्यांनी रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं, 'ओन एक्झामिनेशन'. ऑफिसातल्या नव्या पोरानं तो वाचला, म्हाताऱ्याची इंग्रजी चुकली असं समजला, 'ओन' खोडलं आणि वर सुबक अक्षरात 'डॉटर्स' लिहून अर्ज पुढं पाठवला. अण्णांना कळलं तसे ते शिफ्ट सोडून ऑफिसात गेले, अर्ज परत मागून घेतला, 'डॉटर्स'वर लाल पट्टा मारला आणि त्या पोराला अर्ज मोठ्यानं वाचायला लावला, आधी एकदा, मग वेळ लावून.

रजा मंजूर झाली. बिनपगारी.