बसायला जागा

दुब्रोव्हनिकला निघायच्या आदल्या दिवशी मी नवे बूट घेतले. खरं म्हणजे सगळी सहल या एका वाक्यात आली, पण संपादकांना मजकूर लागतो.

सकाळी दहाला पिले दरवाज्याशी आम्ही सोळा जण जमलो. गाइडबाई साठीच्या, काटक, हातात मिटलेली लाल छत्री. ‘फक्त दोन तास चालायचंय,’ म्हणाल्या. छत्री उन्हासाठी नसून आम्हाला हाकायला आहे, हे लवकरच कळलं.

आत शिरताच ओनोफ्रियोचं कारंजं. इटलीहून आलेल्या या गृहस्थाने बारा किलोमीटरवरून गावात पाणी आणलं आणि 1438 साली हे कारंजं उभं केलं. दगडी मुखवट्यांच्या तोंडून पाणी पडतं, ते आजही पितात. माझं लक्ष मात्र भोवतीच्या पायऱ्यांवर. टेकणार, तेवढ्यात छत्री वर गेली.

समोरच्या फ्रान्सिस्कन मठात 1317 पासूनचं औषधाचं दुकान आहे. टाचेसाठी काही विचारावं म्हटलं तर रांग. शेवटी हिने पर्समधून चिकटपट्टी काढून दिली. सातशे वर्षांत त्या दुकानात जे जमलं नसेल, ते सगळं या पर्समध्ये असतं.

मग स्त्रादून, गावाचा मुख्य रस्ता. चुनखडीच्या फरशा पावलांनी घासून अशा गुळगुळीत झाल्यात की कडक उन्हातही कुणीतरी नुकतीच पुसून घेतल्यासारख्या वाटतात. माझ्या बुटांना त्या मानवेनात. दुसऱ्यांदा घसरलो तेव्हा शेजारच्या जर्मन आजोबांना धरलं, त्यांनी मला. आम्ही दोघे बराच वेळ तसेच उभे. बाई तेव्हा 1667 च्या भूकंपात अर्धंअधिक गाव कसं कोसळलं ते सांगत होत्या.

पुढे चौकात ओरलांदोचा खांब. हा दगडी वीर 1418 सालचा, आणि उभाच. बसायला कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्याचा कोपरापासूनचा हात म्हणजे इथल्या व्यापाऱ्यांचं कापड मोजायचं माप: 51.2 सेंटिमीटर. हिने लगेच आपला हात पुढे करून अंदाज घेतला. ‘अहो, आपल्या हातापेक्षा मोठा आहे. याच्याकडून कापड घेणं परवडलं असतं.’

रेक्टरच्या वाड्यात मात्र मी मन लावून ऐकलं. इथल्या जुन्या प्रजासत्ताकाचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, महिन्याभरापुरताच निवडायचे आणि त्या महिन्यात सरकारी कामाशिवाय त्याने वाड्याबाहेर पडायचं नाही. एकाच माणसाच्या हाती फार सत्ता जाऊ नये म्हणून. आमच्या सोसायटीचे चेअरमन अकरा वर्षं खुर्चीवर आहेत, तेव्हा कल्पना उत्तमच. पण त्याहून मला तो महिना आवडला. सक्तीने घरात! चालणं नाही!

याहून भाग्यवान लोक पुढे भेटले. 1377 साली इथल्या कारभाऱ्यांनी कायदा केला, की साथीच्या मुलखातून आलेल्याने आधी जवळच्या बेटावर किंवा शेजारच्या त्साव्तात गावी महिनाभर राहायचं आणि मगच गावात पाऊल टाकायचं. आपण करोनात ज्याला नावं ठेवली त्या क्वारंटाइनची ही पणजी. पुढे त्यासाठी बंदराशेजारी लाझारेती बांधली, दगडी कोठ्यांची रांग. तिथल्या कठड्यावर मी अखेर बसलो आणि बूट काढला. मला इथेच ठेवा, चाळीस दिवस, माझी हरकत नाही.

बाईही शेजारी टेकल्या. कुठून आलात? इंडिया. ‘मग गोव्यातलं आमच्या संत व्लाहोचं चर्च पाहिलं असेल!’ सोळाव्या शतकात इथले व्यापारी तिथवर पोचले होते आणि ते चर्च त्यांनीच बांधलं, असं इकडे सांगतात. बाईंनी गावाचं नाव तीनदा उच्चारलं, तेव्हा हिला उमगलं: गवंडाळी. जुन्या गोव्याजवळचं.

‘माझ्या मावशीच्या फोंड्याहून कितीसं लांब!’ हिचा सूर बदलला. ‘दर मे महिन्यात जातो. कधी नेलंत?’

‘मला काय माहीत?’

‘कसं असेल? पडवीतला झोपाळा सोडाल तर ना!’

बाई उठल्या, छत्री वर. ‘आता तटबंदी, 1940 मीटर, तिकीट वेगळं. कोण कोण येतंय?’

हिचा हात वर होता. माझाही. मनगट तिने घट्ट धरलं होतं.