बावीस नंबरची फ्लॉपी

माकडाला पाच केळी दिली की ते मुकाट्यानं आपल्या मागून चालू लागतं आणि सांगितलेलं काम करतं, असा १९९० सालच्या एका गाजलेल्या अमेरिकन खेळाचा दावा आहे. खेळाचं नाव ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’. लुकासफिल्म गेम्स या कंपनीतल्या रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन या तिघांनी तो लिहिला. तिघांपैकी एकही जण तुरीच्या दिवसांत आमच्या राजेश्वर गावाला येऊन गेलेला नसावा. आमच्याकडे माकडांची टोळी हमरस्ता ओलांडून शेतात शिरते, शेंगा सोलून खाते, मग पत्र्यावर येऊन बसते आणि जाताना वाळत घातलेलं एखादं धोतर घेऊन जाते. पाच केळ्यांत ऐकणारं माकड पडद्यावर पाहून आमची आज्जी म्हणाली होती, “हे पाळीव दिसलालंय. आपलं असतं तर केळी खाऊन वर पिशवी मागितली असती.”

हा पॉइंट-अँड-क्लिक जातीचा खेळ. यात बंदुका नसतात, धावपळ नसते. चित्रातल्या वस्तूवर माउस न्यायचा, खाली लिहिलेल्या ‘उचल’, ‘ढकल’, ‘उघड’, ‘बोल’ अशा आज्ञांपैकी एक निवडायची, आणि मिळेल ते खिशात कोंबत पुढं जायचं. खिशाला तळ नसतो. नायक गायब्रश थ्रीपवूड याला समुद्री चाचा व्हायचंय, पण अंगात त्याला लागणारा एकही गुण नाही. पाण्याखाली दहा मिनिटं श्वास रोखून धरता येतो, एवढं एकच भांडवल.

राजेश्वरला हा खेळ आला तो माझ्या आत्तेभावामुळं. तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता आणि माझं उमरगा–हुमनाबाद रस्त्यावर झेरॉक्स-डीटीपीचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं. दिवसा त्या संगणकावर मराठी आणि कानडी लग्नपत्रिका व्हायच्या, रात्री आम्ही चाचे व्हायचो. खेळाची नक्कल होऊ नये म्हणून कंपनीनं डब्यात पुठ्ठ्याची एक चकती दिली होती. एकात एक फिरणारी दोन चाकं, त्यांवर चाच्यांचे अर्धे-अर्धे चेहरे. सुरुवातीलाच खेळ एक चेहरा दाखवून विचारी, हा अमुक बेटावर कोणत्या साली फासावर गेला? चकती फिरवून चेहरा जुळवायचा, खिडकीतलं साल वाचायचं, टाइप करायचं. बंदोबस्त उत्तम होता. फक्त झेरॉक्सचं दुकान आमचंच होतं. दोन्ही चाकांची वेगवेगळी प्रत काढली, मध्ये टाचणी मारली आणि चाच्यांच्या खेळावर आम्ही चाच्यांना शोभेल असाच हक्क प्रस्थापित केला.

त्या खेळातल्या जंगलात झाडाचा एक बुंधा आहे. नायक त्यात डोकावतो आणि आनंदानं सांगतो की खाली भुयारांचं जाळं आहे! उतरायला जावं तर खेळ थांबतो आणि म्हणतो, बावीस नंबरची डिस्क घाला. मग छत्तीस नंबरची. मग एकशे चौदा. आमच्याकडच्या फ्लॉप्या एका टिफिनच्या डब्यात मावत होत्या. आत्तेभाऊ सुट्टी संपवून पुण्याला गेला तो थेट तपकीर गल्लीत, आणि एकेका दुकानात बावीस नंबरची फ्लॉपी मागत फिरला. एका दुकानदारानं त्याला खाली बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “गाव कोणतं?”

त्या भुयारात काहीच नव्हतं. भुयारच नव्हतं. लिहिणाऱ्यांनी केलेली ती थट्टा होती. पण तिला बळी पडणारे फक्त आमच्याकडचे नव्हते. अमेरिकेतल्या मदतीच्या फोनवरही लोक बावीस नंबरची डिस्क मागू लागले आणि कंपनीनं पुढं सीडीच्या आवृत्तीतून तो विनोद काढूनच टाकला. मला विचाराल तर जुना खेळ नव्या संगणकासाठी पुन्हा काढताना होणारं सगळ्यात मोठं पाप ते हेच. रंग वाढवा, आवाज घाला, पण लेखकाचा आगाऊपणा काढलात तर उरतं काय? टिफिनचा डबा.

२००९ मध्ये हा खेळ नव्या रूपात आला. माझ्या पुतण्यानं तो अलीकडं सेलमध्ये घेतला, रीतसर पैसे भरून, त्यामुळं घरात बराच वेळ सुतकी शांतता होती. नवी चित्रं, माणसांना आवाज, आज्ञांची यादी पडद्याआड. पण त्यात एक बटण आहे, एफ-१०. ते दाबलं की जागच्या जागी सगळं जुनं होतं, तेच ठोकळ्याठोकळ्यांचे चेहरे, तोच चंद्र. पुन्हा दाबलं की नवं. आमच्या घरात त्यावरून तट पडले. नव्या चित्रात नायकाचे केस असे काही उभे केलेत की काकी म्हणाली, “ह्याला आधी न्हाव्याकडं न्या, मग बेटावर.” जुन्या चित्रात तोंड धड दिसत नाही, म्हणून तो तिला सालस वाटतो.

हे बटण चालतं कसं, तर नव्या चित्रांच्या खाली जुना खेळच चालू असतो. या कंपनीचे खेळ ‘स्कम’ नावाच्या यंत्रणेत बांधलेले. ती १९८७ च्या ‘मॅनिअॅक मॅन्शन’साठी बनवली होती. कथा, संवाद, कुठल्या वस्तूनं काय होतं हे सगळं एका फायलीत, आणि ती वाचून दाखवणारा प्रोग्राम वेगळा. आमच्या भागात पारायणाला पोथी तीच असते, वाचणारे बुवा बदलतात, त्यातला हा प्रकार. लुडविग स्ट्रिगेउस नावाच्या स्वीडिश तरुणानं आणि व्हिन्सेंट हाम यानं २००१ मध्ये असा एक नवा वाचक लिहिला, ‘स्कमव्हीएम’. आज तो मोबाइलवरही पोथी सोडतो. कंपनी हात चोळत बसली, आणि उत्साही माणसांनी फुकटात जुने खेळ जिवंत ठेवले.

नाहीतर जुन्या खेळाचा नव्या यंत्रावर मोठा शत्रू म्हणजे वेग. एकेकाळच्या संगणकांना ‘टर्बो’ नावाचं बटण असे आणि त्याचा खरा उपयोग संगणक हळू करण्यासाठी होई. कारण खेळ लिहिणाऱ्यानं गृहीत धरलेलं असे की यंत्र एवढ्याच गतीनं धावणार. टिम शेफरच्याच १९९८ सालच्या ‘ग्रिम फँडँगो’त चालत्या लिफ्टमध्ये फोर्कलिफ्टची एक करामत नेमक्या क्षणी करायची असते. संगणक वेगवान झाले तशी ती लिफ्ट इतक्या झपाट्यानं निघून जाऊ लागली की कोडं सुटेचना. माणसं नवा प्रोसेसर घेऊन अडकली. तो खेळ २०१५ मध्ये दुरुस्त होऊन आला तेव्हा त्यात माउसनं खेळायची सोय होती, आणि ती एका चाहत्यानं आधीच हौसेनं करून ठेवलेली होती.

‘ब्लेड रनर’चं मात्र पार वाटोळं झालं. वेस्टवूड कंपनीचा हा १९९७ चा खेळ. पुढं मूळ सोर्स कोडच हरवला. हौशी लोकांनी अनेक वर्षं खपून तयार खेळ उलटा उसवला, त्यावरून तो ‘स्कमव्हीएम’मध्ये आणला आणि २०१९ पासून पुन्हा विकलाही जाऊ लागला. मग २०२२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीनं त्याची ‘सुधारित’ आवृत्ती काढली. ती मूळ खेळापेक्षा धूसर दिसायची. लोकांनी एवढा शिमगा केला की सुधारित खेळासोबत जुनाही द्यावा लागला. सुधारणेवर उतारा म्हणून मूळ वस्तू फुकट, ही योजना आमच्या तालुक्यातल्या रस्त्यांनाही लागू व्हावी.

पण मी काकीबद्दल सांगत होतो. खेळात एका ठिकाणी गायब्रशला दोरीनं एका जड मूर्तीला बांधून समुद्रात ढकलतात. तळाशी चाकू, कात्री, तलवार, करवत असं सगळं पडलेलं, पण हाताला एकही लागत नाही. दोर थोडक्यात कमी पडतो. आम्ही त्या काळी इथं कितीतरी रात्री बुडून मेलो. दहा मिनिटं संपली की नायक खरोखर मरतो, आणि खालच्या आज्ञा बदलून ‘तरंग’, ‘फुग’, ‘कुज’ अशा होतात. त्यातली एक ‘मदतीचं पुस्तक मागव’. अमेरिकन माणूस मयतावरसुद्धा धंदा विसरत नाही. दहा मिनिटं पूर्ण होण्याआधी आमच्याकडं वीज गेली तर मात्र तो वाचायचा, हा एक फायदा.

परवा पुतण्या तिथंच अडकला होता. काकी शेंगा निवडत बसली होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं.

“काय करलालास रे मघापासून?”

“बांधलंय त्याला, आज्जी. कात्री लागंना.”

“बांधलंय कशाला?”

“त्या मूर्तीला.”

“मग मूर्ती घे की उचलून, अन् चाल वर. म्हैस खुंटा उपटून येती तेव्हा कात्री मागती का?”

पुतण्यानं मूर्ती उचलली. नायक ती घेऊन शिडी चढून वर आला. मूळ उत्तर हेच आहे, शब्दशः. पुतण्या तिच्याकडे पाहत राहिला. काकीनं खडा बाजूला टाकला आणि विचारलं की हे लिहिणाऱ्याला पगार किती मिळायचा.

त्यामुळं अशा खेळांतली कोडी अतर्क्य असतात, ही तक्रार मी अर्धीच मान्य करतो. या तक्रारीचा ठेवणीतला पुरावा म्हणजे सिएरा कंपनीचा १९९९ सालचा ‘गेब्रिएल नाइट ३’. त्यात नायकाला मित्राच्या नावावर मोटारसायकल भाड्यानं घ्यायची असते. म्हणून तो चिकटपट्टीवर मांजराचे केस मिळवतो आणि पाकानं ओठावर चिकटवून खोटी मिशी करतो. गंमत म्हणजे त्या मित्राला मिशी नसतेच. मग मित्राच्या ओळखपत्रावरच्या फोटोला पेनानं मिशी काढायची! या एका कोड्यानं या जातीच्या खेळांचा, म्हणजे ॲडव्हेंचर गेमचा, धंदा बुडवला, असं म्हणणारे लोक आहेत.

मी हे आमच्या मामांना सांगितलं. मामा हसले नाहीत. “मग? बरोबरच आहे की,” म्हणाले.

मामांची बाजू समजून घ्यायला हवी. त्यांची शाळा भालकीकडची, मराठी माध्यमाची, त्यामुळं टीसीवर ते ‘राव’ आहेत. रेशनकार्ड कानडीत, तिथं ते ‘अप्पा’ झाले. बँकेच्या पासबुकात इंग्रजीत फक्त गावाचं आद्याक्षर पुढं आणि आडनाव गायब. कागदोपत्री हे तीन वेगळे इसम आहेत आणि तिघांच्या मिळून नावावर एक विहीर आहे. एका कार्यालयात त्यांना सांगितलं की नाव दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र आणा. प्रतिज्ञापत्राला ओळखपत्र लागतं. ओळखपत्रावर चुकीचं नाव. टीसी मराठीत म्हणून तिचं कानडी भाषांतर हवं, भाषांतरावर शिक्का हवा, शिक्का मारणारे साहेब हुमनाबादला. शेवटी सगळं जमलं तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, फोटोत मिशी आहे, तुम्हाला नाही. मामा तडक कटिंगच्या दुकानात गेले आणि सांगून आले की महिनाभर इकडं फिरकणार नाही. मांजर घरात होतं, पण ते सुचलं नाही, एवढीच त्यांची हळहळ.

पुतण्यानं आता याच विषयावर खेळ करायला घेतलाय. ख्रिस जोन्स नावाच्या इंग्रजानं सुरू केलेलं ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ हे साधन फुकट मिळतं, त्यात. चित्रं झाली, खिडक्या झाल्या, खिडकीमागचा माणूसही हुबेहूब झाला. घोडं अडलं मराठीवर. असली साधी यंत्रणा एकामागून एक ठसे मांडत जाते. मात्रा, वेलांटी, जोडाक्षर कुठं बसवायचं हे तिला कळत नाही. युनिकोडमध्ये ‘शिक्का’ लिहिलं की वेलांटी एकीकडं, पाय मोडलेला क दुसरीकडं. पुतण्या दोन दिवस तोंड पाडून बसला होता.

मग मला दुकानातला जुना संगणक आठवला. विंडोज ९८ वाला. घरच्यांनी तो कितीदा भंगारात काढायला सांगितला, पण जुन्या फॉन्टातल्या शेकडो लग्नपत्रिका त्यात आहेत म्हणून मी ठेवलाय. त्या फॉन्टांना व्याकरण नाही. त्यात अर्धा क हा वेगळा ठसा, काना वेगळा, ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधीच टाइप करायची, म्हणजे दिसतं तसंच टंकायचं. नेमकं हेच त्या यंत्रणेला हवं होतं. नव्या लोकांनी मोडीत काढलेला फॉन्ट पुतण्याच्या खेळात एका दमात बसला आणि ‘शिक्का’ शिक्क्यासारखा उमटला. आता खिडकीमागचा माणूस बोलतो ते अक्षर थेट ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ या वळणाचं दिसतं, वेलबुट्टीसकट. त्यामुळं तो नकार देतो तेही निमंत्रण दिल्यासारखं वाटतं. मला आवडलं.

वाद उरलाय तो फक्त हिंटचा. नव्या आवृत्त्यांमध्ये अडलेल्या खेळाडूला इशारा देणारं बटण असतं आणि मी त्याच्या बाजूचा आहे. सगळ्यांच्या घरी काकी नसते. पुतण्यानं ते बटण घातलं आणि खेळ मामांना दाखवायला नेला. मामांनी तो मन लावून पाहिला, स्वतःची मिशी ओळखली, आणि बटण दिसताच उखडले.

“हे काढून टाक. मला कुणी दिली होती का हिंट?”

पुतण्यानं समजावलं की नाहीतर लोक खेळ अर्ध्यात सोडतील.

“सोडू दे की. मी पण अर्ध्यात सोडून दोनदा परत आलो.”

बरीच घासाघीस होऊन तोडगा निघाला. हिंट मिळेल, पण फुकट नाही. ती कचेरीबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडं मागायची, तो आधी दहा रुपयांच्या प्रती काढायला लावेल. मामांनी विचार केला.

“वीस रुपयांच्या,” म्हणाले. “अन् प्रती काढून झाल्यावर त्यानं सांगायचं, साहेब जेवायला गेलेत.”