आठवणींचे मुखत्यार

वर्ष सरत आलं की नामवंत खेळाडूंना एक प्रश्न हमखास विचारला जातो : गेल्या वर्षातली तुमची सगळ्यांत आवडती आठवण कोणती? खेळाडू टोपी मागे सारतो, बुटांकडे बघतो आणि संघासाठी योगदान देता आलं याचं समाधान आहे, असं सांगून मोकळा होतो. या उत्तरात संघ असतो, योगदान असतं, समाधानही असतं. आठवण तेवढी नसते. याबद्दल खेळाडूला बोल लावण्यात अर्थ नाही. चूक पत्त्याची आहे. व्यावसायिक खेळाडूच्या आवडत्या आठवणी त्याच्याजवळ राहतच नाहीत. त्या सांभाळायला त्याच्या उपनगरात एक गृहस्थ बसलेले असतात, आणि खेळाडूने वटमुखत्यारपत्र करून दिलेलं नसतानाही ते हा कारभार वर्षानुवर्षं विनावेतन चालवतात. रोहित शर्माच्या आठवणींचे मुखत्यार बोरिवलीत राहतात. ते एक नाहीत, शेकड्यांनी आहेत. पण स्वभाव असा एकसाची की एकाचं वर्णन केलं तरी बाकीच्यांना आपलाच फोटो छापून आल्यासारखं वाटावं.

मुखत्यारांचं वय पंचावन्न ते पासष्ट. बँक, बेस्ट किंवा एमटीएनएल यांपैकी कुठून तरी वेळेआधी किंवा वेळेवर निवृत्त. बिऱ्हाड गोराईच्या म्हाडा वसाहतीत, नाहीतर शिंपोलीला, नाहीतर चिकूवाडीत. सकाळचं चालणं राष्ट्रीय उद्यानात, संध्याकाळचा कट्टा पश्चिमेला, त्यामुळे स्टेशनचा पूल दिवसातून दोनदा ओलांडावा लागतो आणि दोन्ही वेळा कोणीतरी श्रोता सापडतो. रोहितचा उल्लेख ते आडनावाने कधीही करत नाहीत. दोन मुलांच्या बापालाही ते 'पोरगा' म्हणतात आणि त्याच्या वजनाविषयी त्याच्या आईच्या काळजीने बोलतात. २०२५ मध्ये प्रशिक्षक अभिषेक नायरच्या देखरेखीखाली पोराने दहा किलो उतरवले तेव्हा कट्ट्यावर 'गालफडं बसली' ही तक्रार आली ती याच गृहस्थांकडून, आणि त्याआधी 'सुटलाय फार' ही तक्रारही यांचीच. क्रिकेटच्या भांडणात इतर शहरांतले लोक रोहितला 'वडापाव' म्हणून चिडवतात. ही चेष्टा आहे, हे मुखत्यारांना समजावून सांगावं लागतं आणि समजावलं तरी पटत नाही. २४ डिसेंबर २०२५ ला जयपूरमध्ये विजय हजारे करंडकाच्या सामन्यात प्रेक्षकांतून कोणीतरी रोहितला वडापाव खाणार का म्हणून विचारलं आणि त्याने हातानेच नको म्हटलं, तेव्हा मुखत्यारांना प्रेक्षकाचा राग आला नाही. पोरगा नको म्हणाला, याचं वाईट वाटलं.

आता मुद्द्यावर येऊ. आठवणी सांभाळायला परका माणूस का लागावा? रोहितपुरतं उत्तर सोपं आहे : त्याच्यापाशी काहीच राहत नाही. विराट कोहलीने एका मुलाखतीत सांगितलं होतं की हा माणूस हॉटेलात आयपॅड, फोन, पासपोर्ट, काहीही विसरू शकतो, आणि रोहितचं सगळं आलं का, हे विचारल्याशिवाय संघाची बस हलत नाही. २१ जानेवारी २०२३ ला रायपूरला न्यूझीलंडविरुद्ध त्याने नाणेफेक जिंकली आणि जिंकल्यावर काय करायचं ठरलं होतं तेच विसरला. सामनाधिकारी जवागल श्रीनाथ शेजारी ताटकळत उभे, समोर दुसरा कर्णधार, आणि हा कपाळाला हात लावून आठवतोय. अखेर गोलंदाजी घेतली आणि न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला. पुढे नियतीनेच यावर तोडगा काढला. नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यापासून मार्च २०२५ पर्यंत कर्णधार म्हणून एकदिवसीय सामन्यांत तो लागोपाठ बारा नाणेफेकी हरला आणि ब्रायन लाराच्या विक्रमाच्या बरोबरीला आला. नाणेफेक जिंकायचीच नाही म्हटल्यावर ठरलेलं विसरण्याची भीतीही उरली नाही.

पण हा विसराळूपणा एका माणसाची खोड म्हणून सोडून देता येत नाही, कारण धंद्यालाही तो लागतोच. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात रोहितने पर्थला ८ धावा केल्या, अॅडलेडला ७३ आणि सिडनीला नाबाद १२१. मालिका भारत हरला, पण मालिकावीर तो ठरला आणि त्याच आठवड्यात एकदिवसीय क्रमवारीत पहिला आला. त्या जागी पोचलेला सर्वांत वयस्कर फलंदाज. पर्थचे आठ डोक्यात घेऊन जो सिडनीला उतरेल त्याचे पुन्हा आठच होतील. गोड आठवणींचंही तसंच. जयपूरला सिक्कीमविरुद्ध १५५ काढले, त्यानंतर दोन दिवसांनी उत्तराखंडविरुद्ध तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला. कालच्या दीडशेचं आजच्या पहिल्या चेंडूला काहीच सोयरसुतक नसतं. फलंदाज जेवढं लवकर विसरतो तेवढी त्याची कारकीर्द लांबते, आणि रोहितची लांबली आहे हे उघड दिसतं.

यावर आक्षेप येईल की १९ नोव्हेंबर २०२३ ची, विश्वचषक अंतिम सामन्यातली अहमदाबादची हार तो कुठे विसरला? त्यातून कसं सावरायचं हे कळत नव्हतं, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे. आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूने पडतो. कडू आठवणी माणूस स्वतःच्या खिशात ठेवतो, त्यासाठी मुखत्यार लागत नाही. आणि बोरिवलीतल्या मुखत्यारांनीही त्या तारखेवर कधी हक्क सांगितलेला नाही. दुसरा आक्षेप बार्बाडोसचा. २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकल्यावर रोहित खेळपट्टीपाशी गेला आणि तिथलं गवत चिमटीने तोंडात टाकलं. त्या जागेचं काहीतरी आपल्यात राहावं, असा भाव होता. मग त्याला आठवणींची किंमत नाही असं कसं म्हणावं? किंमत आहेच. पण वस्तू सामानात ठेवली तर हॉटेलात राहील, हे त्याला अनुभवाने ठाऊक असावं. जपून ठेवायची गोष्ट जो खाऊन टाकतो, त्याच्या संग्रहालयाला चौकीदार बाहेरूनच आणावा लागणार.

मुखत्यार नेमकं काय जपतात, हे पाहिलं की त्यांच्या कामाचं मर्म कळतं. २०२५ चा अधिकृत हिशेब कोणीही मांडेल : ९ मार्चला दुबईत चॅम्पियन्स करंडक, अंतिम सामन्यात ७६ धावा आणि सामनावीर, ७ मे रोजी कसोटीतून निवृत्ती, १६ मे रोजी वानखेडेवर, दिवेचा पॅव्हेलियनच्या तिसऱ्या मजल्याला रोहितचं नाव, ऑक्टोबरात एकदिवसीय कर्णधारपद शुभमन गिलकडे, ३० नोव्हेंबरला रांचीत षटकारांचा शाहिद आफ्रिदीचा विक्रम मागे. भरगच्च वर्ष. मुखत्यारांच्या वहीत मात्र १६ मेच्या पानावर नामकरणाला एक ओळ आहे आणि उरलेलं पान गाडीला दिलेलं आहे. त्या संध्याकाळी समारंभ आटोपून रोहित निघाला, गाडीला पोच आलेला त्याला दिसला आणि त्याने भावाला तिथल्या तिथे फैलावर घेतलं. ते चित्रण देशभर फिरलं. देश हसला. मुखत्यार हसले नाहीत, त्यांना भरून आलं. शरद पवार आणि अजित वाडेकर यांच्या नावांबरोबर पोराचं नाव लागलं ही अभिमानाची गोष्ट खरीच, पण त्या मजल्यावर बसायला तिकीट काढावं लागतं. गाडी मागे घेताना ठोकली म्हणून धाकट्याला झापणं ही बोरिवलीतल्या प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमधली घटना आहे. तिला तिकीट नाही. फेब्रुवारीत कटकला इंग्लंडविरुद्ध त्याने ११९ केले. त्या सामन्यात मैदानावरचे दिवे गेले होते आणि खेळ थांबला होता. आठ महिन्यांनी मुखत्यारांना विचारा : धावा 'शंभरच्या वर' असतात, दिवे गेल्याचं मात्र खुलासेवार आठवतं, कारण दिवे जाण्यातलं त्यांना कळतं. आवडती आठवण म्हणजे आपल्या घरात मावेल एवढी आठवण, हा नियम यातून निघतो, आणि खेळाडूला तो पाळता येत नाही, कारण त्याच्याजवळ मोठ्याच वस्तू फार असतात.

यावर सगळ्यांत जोराचा हल्ला होतो तो मुखत्यारांच्या खरेपणावर. हे लोक थापा मारतात, यांनी रोहितला कधी पाहिलेलंही नसतं, असं म्हणतात. पुरावा तपासू. गोराईच्या स्वामी विवेकानंद शाळेत प्रशिक्षक दिनेश लाड यांच्याकडे रोहित आला १९९९ च्या सुमारास. फी परवडणार नव्हती म्हणून लाडांनी शाळेकडून ती माफ करवून घेतली. 'त्या वेळी त्याला नेटमध्ये मीच चेंडू टाकायचो, तेव्हाच ओळखलं' असं सांगणारे आज बोरिवलीत इतके आहेत की सगळ्यांचं खरं मानलं तर रोहितला दहावीपर्यंत वर्गात बसायला सवडच मिळाली नसती. त्याहून मोठी अडचण अशी की लाडांनी त्याला घेतलं ऑफस्पिनर म्हणून. त्याची फलंदाजी त्यांच्याही लक्षात पुढेच आली. म्हणजे ज्या दिवसांत मुखत्यार त्याला चेंडू टाकत होते त्या दिवसांत चेंडू टाकण्याचं काम खुद्द रोहितकडे होतं, आणि द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेल्या प्रशिक्षकाला जे उशिरा दिसलं ते यांना आधीच दिसलं होतं. थाप पकडली गेली, मान्य. पण तिच्यात रोहितचं कौतुक वाढतं, कोणाचं नुकसान होत नाही आणि मुखत्यारांना फक्त एक चेंडू मिळतो. इतक्या कमी दलालीवर काम करणारा माणूस अंधेरीपासून दहिसरपर्यंत दुसऱ्या कुठल्याही व्यवहारात सापडणार नाही.

मग हक्काचा वाद. रोहित जन्मला नागपूरला, आईवडील राहायचे डोंबिवलीला, आज तो राहतो वरळीत. बोरिवलीत तर तो आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. बोरिवलीचा दावा तिघांच्या मानाने लंगडाच. पण जो आहे तिथेच आहे त्याच्या आठवणी कोणी काढत नाही. वरळीत रोहित शेजारी आहे म्हणून वरळीला त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. माणूस निघून गेला की आठवणींचा कारखाना सुरू होतो, आणि बोरिवली हे माणसांना रोज सकाळी चर्चगेटकडे पाठवून संध्याकाळी त्यांची वाट पाहणारं गाव असल्यामुळे या कामाचा सराव तिला जुना आहे. ताबा हाच हक्क मानायचा, तर पालघरहून किटबॅग घेऊन येणारा शार्दूल ठाकूर काही काळ लाडांच्या घरी राहिला, एवढ्यावर मुखत्यारांनी त्याचीही नोंद स्वतःच्या सातबाऱ्यावर करून घेतली आहे. जानेवारी २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी सामना झाला. दहा वर्षांनी रणजी खेळणाऱ्या रोहितने ३ आणि २८ केले, मुंबई पाच गड्यांनी हरली. शार्दूलने मात्र ५१ आणि ११९ काढले. वांद्र्याला उतरून, शेअर रिक्षाने धक्के खात गेलेले मुखत्यार संध्याकाळी परतले ते 'आपल्या बोरिवलीने आज लाज राखली' असं सांगत. खोटं काही नव्हतं.

शेवटचा आरोप चंचलपणाचा : सिडनीच्या कसोटीतून रोहित बाहेर बसला त्या दिवशी याच लोकांनी 'आता पुरे' म्हटलं, आणि मार्चमध्ये करंडक आला तसे 'मी म्हणालो नव्हतो?' असं विचारत फिरले. हे दोन्ही खरं आहे. पण घरच्या माणसाविषयी सगळीच माणसं असं बोलतात. सातत्याने एकच मत बाळगतात ते परके, आणि त्यांना समीक्षक म्हणतात. शिवाय वहीत दोन्ही नोंदी ठेवल्या तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून मुखत्यार वर्षाअखेरीस एक नोंद खोडतात. उत्तराखंडविरुद्धच्या पहिल्या चेंडूचं तसं झालंच आहे. झेल सीमारेषेवर घेतला गेला, तेव्हा कट्ट्यावरची नोंद अशी : सहाच होता तो, वारा पडला.

ही जात फक्त बोरिवलीत आहे असं नाही. सूर्यकुमार यादवने बार्बाडोसला सीमारेषेवर घेतलेल्या झेलाचा पाय आणि दोर यांतलं अंतर चेंबूरच्या अणुशक्तीनगरातले काका आजही बोटांनी दाखवतात. शिवम दुबेच्या त्याच अंतिम सामन्यातल्या १६ चेंडूंतल्या २७ धावा अंधेरीवाल्यांना कोहलीच्या ७६ पेक्षा जड वाटतात. अजिंक्य रहाणेवरून मुलुंड आणि डोंबिवली यांच्यात सीमावाद आहे आणि तो मिटवण्याची कोणाची इच्छा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईत जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या आणि भांडुपला एका रात्रीत शेकडो मुखत्यारीण बायका मिळाल्या. तिचं कुटुंब पुढे वांद्र्याला राहायला गेलं याचा त्या उल्लेख करत नाहीत. बोरिवलीकर मात्र पुढची तयारी करून बसले आहेत. आयुष म्हात्रे विरारचा. रोज लोकलने सरावाला यायचा. एप्रिल २०२५ मध्ये वानखेडेवर आयपीएलमधल्या पहिल्याच डावात १५ चेंडूंत ३२ काढून गेला. त्याचा बोरिवलीशी काय संबंध, असं विचारल्यावर मुखत्यारांना नवल वाटतं. विरारची गाडी बोरिवलीला थांबत नाही का?