कायले पायजे?

तालुक्याच्या गावाला निवडणुकीत नेमानं पडणारा एक उमेदवार लागतो, सगळ्यांचे सात-बारा तोंडपाठ असलेला एक म्हातारा लागतो आणि अलीकडं एक मिनिमलभाऊ लागतो. तिवस्यातही तो आहे. बडनेऱ्याला इंजिनिअरिंग, मग पुण्यात चार-दोन वर्षं नोकरी, आता घरची संत्र्याची बाग आणि गावातल्या यच्चयावत जुन्या कॉम्प्युटरांचं पालकत्व. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज दहाचा सपोर्ट संपला तेव्हा लोकांना चिंता पडली, याचा सीझन सुरू झाला.

खिशात कायम एक पेनड्राइव्ह, त्यात विंडोजच्या जागी टाकायच्या डेबियन लिनक्सची नेटइन्स्ट फाइल. उबंटूचं धूड सहा जीबीच्या घरात आणि ही एक जीबीच्याही आत, हे तो चहा यायच्या आधीच सांगून टाकतो. उबंटूची एक मिनी फाइल होती, शंभर एमबीसुद्धा नसायची. ती बंद झाल्याचं सुतक तो अजून पाळतो. मिंट टाकणारे त्याच्या लेखी आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे. आर्च लिनक्सवाल्यांबद्दल मात्र तो बोलत नाही. तिथं आपणच आयते ठरतो हे त्याला ठाऊक आहे.

नेटइन्स्टचा मामला सरळ आहे. रोडग्याच्या पार्टीला शेतात फक्त कणीक नि काडेपेटी घेऊन जायचं. वांगी, तेल, गोवऱ्या लागतील तशा गावातून मागवायच्या. जेवण फक्कड होतं, पण गाव जवळ पाहिजे. इथं गाव म्हणजे इंटरनेट, आणि ते लाइन असेपर्यंत.

त्यात जुन्या डेबियनची एक खोड होती. वायफायचं फर्मवेअर मुक्त परवान्याचं नाही म्हणून ते अधिकृत फाइलमध्ये नसायचं. म्हणजे नेट आणायला फर्मवेअर पाहिजे आणि फर्मवेअर आणायला नेट. जून 2023 मध्ये डेबियन 12 आलं, फर्मवेअर आतच मिळायला लागलं आणि भाऊच्या आयुष्यातला निम्मा थरार गेला. तरी तो मोबाइलला केबल लावूनच नेट घेतो. आधी स्वतःचा, दिवसाचा दीड जीबी संपला की मालकाचा.

हायवेवरच्या झेरॉक्सवाल्याकडं मी हा सोहळा पाहिला. दोन जीबी रॅमचा डबा, निळ्या पडद्यावर यादी: डेस्कटॉप, ग्नोम, एक्सएफसीई, केडीई, खाली नेहमीची उपयोगी साधनं. काहींवर आधीच चांदण्या. भाऊ बाणानं एकेका ओळीवर जातो, स्पेसबार दाबतो, चांदणी विझते.

"भाऊ, डेस्कटॉप काहून काढला?"

"कायले पायजे? मांगून टाकू ना लागन तसा."

शेवटच्या ओळीवर बोट जरा थबकलं. उपयोगी साधनं! मग तीही गेली.

मशीन पुन्हा सुरू झालं. काळा पडदा, 'लॉगिन' आणि लुकलुकणारी एक रेघ. मालकानं टेबल हलवून पाहिलं. "भाऊ, माऊस दिसून नाही राह्यला."

"अजून टाकलाच नाही."

मग रीतसर आवक सुरू झाली. एक्सएफसीई आला, तोही 'शिफारशीची पॅकेजं नकोत' असं बजावून. डेबियनमध्ये अवलंबून असलेली पॅकेजं यावीच लागतात, शिफारशीची टाळता येतात. भाऊ ती सगळी टाळतो आणि ज्याची शिफारस टाळली त्याचा फोन दुसऱ्या दिवशी येतो. आवाज नाही. वायफायचं चिन्ह नाही. सात-बारा उघडला तर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी ओळीनं चौकोन. गिऱ्हाईक म्हणालं, "हे वावर माया नावानं नाही का आता?" भाऊनं लोहित देवनागरी फाँट आणला तेव्हा कुठं त्या बिचाऱ्याची जमीन परत आली. मग प्रिंटरसाठी कप्स. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटर लागेल हे कोणाच्या ध्यानात येणार!

महिन्याभरात ते मशीन डीव्हीडीची पूर्ण फाइल टाकून झालं असतं तेवढंच भरलं. भाऊला ते मान्य आहे. "पण एकेक गोष्ट काहून आली, ते मले मालूम आहे," असं तो म्हणतो, आणि या वाक्यात तथ्य आहे, हे मलाही कबूल. बाकीच्यांच्या कॉम्प्युटरात काय काय नांदतं हे त्यांच्या सात पिढ्यांना कळणार नाही.

राष्ट्रसंतांचा आश्रम असलेली गुरुकुंज मोझरी याच तालुक्यात असल्यानं साधेपणा आपल्याला वारशानं मिळाला, अशी त्याची समजूत आहे. घरी त्याच्या खोलीत मात्र पाच सीपीयू, मेलेला यूपीएस नि पोतंभर वायरी. आई विचारते, "अबे, हे भंगार कधी काढशीन?" तो म्हणतो, "लागते ते."

झेरॉक्सवाल्यानं दुसरं मशीन घेतलं तेव्हा हात जोडले, "भाऊ, याच्यात डीव्हीडीवालंच टाका." भाऊ चार दिवस त्या रस्त्यानं फिरकला नाही. मग आला, आणि खरंच डीव्हीडीची फाइल घेऊन आला. निमूट इन्स्टॉल सुरू केलं. अर्ध्यात मशीननं विचारलं, नेटवर्क मिररही वापरायचा का? भाऊनं 'होय'वर एंटर मारला आणि मान न वळवता हात मागं केला, "मोबाइल द्या बरं तुमचा."