आत्याशी बोलावे कसे? (नवशिक्या भाच्यांसाठी)

आधी पात्रता तपासा. तुमची आई, वडील, मावशी, आत्या यांपैकी कुणीतरी वृद्धाश्रमात असलं पाहिजे, आणि लोकांनी विचारल्यावर 'वृद्धाश्रम' हा शब्द टाळून 'छान सोय आहे हो, डॉक्टर येतात, बाग आहे' असं तुम्हाला सांगता आलं पाहिजे. दोन्ही जमत असेल तर पुढे वाचा. आमची आत्या तळेगावच्या बाजूला अशाच एका छान सोयीत चार वर्षं आहे. वय 84, मूलबाळ नाही, भाचे-भाच्या मिळून आम्ही पाच. तेव्हा इथे लिहिलेलं सगळं करून पाहिलेलं आहे.

सरकार आपल्याकडून फार अपेक्षा ठेवत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 साली कायदा झाला. मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्या माणसाची मालमत्ता ज्याला मिळणार, त्या नातेवाइकाकडूनही निर्वाहभत्ता मागता येतो, असं त्यात आहे. मूळ कायद्यात कमाल मर्यादा महिना 10 हजार. फोन किती वेळा करावा आणि काय बोलावं याबद्दल कायदा गप्प आहे. म्हणून हे मार्गदर्शन.

सुरुवात रविवारपासून करावी. सोमवार ते शनिवार आत्याला कुणीच फोन करायचा नाही आणि रविवारी पाचही जणांनी एकदम करायचा. म्हणजे चौघांना एंगेज लागतो, आणि 'मी केला होता, लागला नाही' हे वाक्य खरं ठरतं. न्यू जर्सीचा आमचा दादा याच्याही पुढे गेला आहे. रविवारी सकाळी नऊला चहाचा मग घेऊन निवांत बसला की त्याला आत्या आठवते. उन्हाळ्यात त्याचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आश्रमात हरिपाठाची वेळ. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात आणि त्याच नऊला आपल्याकडे साडेसात होतात, तेव्हा जेवणाची पंगत. म्हणजे बारा महिने आत्याने एक तर टाळ हातात घेऊन त्याच्याशी बोलायचं, नाहीतर आमटीभात समोर ठेवून. दादाचा निष्कर्ष असा, की आत्याला हल्ली बोलण्यात रस राहिलेला नाही.

आश्रमाचं वेळापत्रक ऑफिसबाहेर भिंतीवर लावलेलं आहे. त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायला आम्हाला साडेतीन वर्षं लागली. चार वाजता चहा, साडेचारपासून साडेसहापर्यंत मोकळीक. साडेचार म्हणजे दादाचे उन्हाळ्यात सात आणि हिवाळ्यात सहा. रविवारी सहाला उठायचं म्हणजे काय, हे त्याने मला बरंच समजावून सांगितलं.

व्हिडिओ कॉलसाठी फोन धरायला आश्रमातल्या मावशी लागतात, आणि मावशींना त्याच वेळी आणखी तिघांचं काम असतं. पहिली दोन मिनिटं छताचा पंखा दिसतो, मग कपाळ, मग एक कान. 'दिसतेय का मी?' असं आत्या विचारते. 'दिसतेयस' म्हणावं. मग आपल्या मुलांना ओढून आणावं आणि 'से हाय टू आजी' म्हणावं. मूल हाय म्हणतं आणि कडेने निघून जातं. 'मोठा झाला गं' असं आत्या रिकाम्या सोफ्याला म्हणते.

आता प्रश्नावली. जेवलीस का? औषधं घेतेस ना? झोप लागते का? काही हवंय का? चारही प्रश्नांची उत्तरं एका शब्दाची आहेत, त्यामुळे कॉल अडीच मिनिटांत आटोपतो. डॉक्टरही राउंडला हेच विचारतात, पण ते निदान नाडी तरी बघतात.

ऐकू येत नसेल तर ओरडावं, असा नवशिक्यांचा समज असतो. उतारवयात आधी जातात ते वरच्या पट्टीचे आवाज, आणि स, श, फ ही अक्षरं तिथेच राहतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. म्हणजे आत्याला आवाज येतो, शब्द येत नाही. मी 'शाळा सुटली' म्हणून ओरडलो तेव्हा तिने दचकून विचारलं, "माळ तुटली? कुणाची रे?" पुढचा सगळा वेळ मंगळसूत्रात गेला. ओरडल्याने आपली पट्टी आणखी चढते, म्हणजे तिला जे ऐकू येत नाही तेच आपण जोरात देतो. खालच्या पट्टीत, सावकाश, एका वेळी एकानेच बोलायचं. आमच्या घराण्यात शेवटची अट अजून कुणाला जमलेली नाही.

श्रवणयंत्राबद्दल माझा एक पराक्रम सांगून ठेवतो. त्यात शर्टाच्या बटणाहून लहान सेल असतो आणि त्यावर रंगीत स्टिकर चिकटवलेला असतो. आत्याच्या बोटांना तो निघत नाही, म्हणून मी एका भेटीत सहाही सेलचे स्टिकर काढून ठेवले. केवढी सोय! हे सेल हवेवर चालतात. स्टिकर निघाला, हवा आत गेली, की सेल यंत्रात असो वा डबीत, तो उतरायला लागतो. एकेक आठवडा पुरणारे सहा सेल डबीतल्या डबीत मेले. पुढचा महिनाभर आत्या आमच्या प्रत्येक वाक्यावर हसून 'हो, हो' म्हणत होती आणि घरात सगळे म्हणत होते, किती रुळली बघ आता.

यापुढचा धडा अवघड आहे आणि त्यात आमचं घराणं तरबेज आहे: काही सांगायचं नाही. आत्याला त्रास होईल, ती काळजी करेल, तिथे बसून ती काय करणार. म्हणून जमिनीचा वाद सांगायचा नाही, कुणाचं ऑपरेशन सांगायचं नाही, कुणाचं मोडलेलं लग्न तर नाहीच. तिला फक्त बारशी, बढत्या आणि नवी गाडी कळवायची. नाशिकची काकू गेली, तेव्हाही आम्ही पाच जणांनी फोनवर ठरवलं, की आत्याला एवढ्यात नको सांगायला. काकू म्हणजे आत्याची वहिनी, पन्नास वर्षांची मैत्रीण. 'एवढ्यात' लांबत गेलं. आत्याने विचारलं की आम्ही सांगायचो, काकूला आता फोनवर बोलवत नाही.

आत्या सकाळी पेपर आला की आधी निधनवार्तांचं पान उघडते. त्या वयात सगळेच उघडतात, हे आमच्या डोक्यात आलं नाही. प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात आम्हीच दिली होती, फोटोसकट. खाली 'शोकाकुल' म्हणून नावं, आणि त्यांत तिसरं माझं.

दुपारी तिचा फोन आला. तिने स्वतःहून केलेला चार वर्षांतला बहुधा दुसरा. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "फोटो जुना दिलात रे. ती साडी मीच नेसवली होती तिला, तुझ्या मुंजीत." मग थोडं थांबून विचारलं, "तेराव्याला कोण कोण होतं?" मी सांगत गेलो आणि ती एकेक नाव घेऊन विचारत गेली. कोण रडलं, कोण आलं नाही, स्वयंपाकाला कोण होतं, दागिन्यांवरून काही झालं का. झालं होतं. तेही सांगितलं. त्या एका फोनला पन्नास मिनिटं लागली. शेवटी म्हणाली, "पाहुण्यांना सांगतात तसं सांगता तुम्ही मला सगळं."

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. भेटीला जाताना शाल नेत नाही. तिच्याकडे सात आहेत, आणि त्यांतल्या दोन मावशींना देऊन ती त्यांच्याकडून स्वतःचे फोन लावून घेते, असं कळलंय. पेढेही नेत नाही, साखर आहे. जानेवारीत मी दोन किलो मटार घेऊन गेलो, सोलायला. ऑफिसातून आक्षेप आला, बाहेरचं खाद्य आणायचं नाही म्हणून. मी म्हटलं, हे परत घरीच न्यायचंय. व्हरांड्यात जुना पेपर पसरला. बोटांना सेलचा स्टिकर निघत नाही, पण शेंग अंगठ्याने दाबली की फट्कन उघडते. समोर बसून डोळ्यांत डोळे घालून 'जेवलीस का' विचारण्यापेक्षा खाली बघत सोलताना माणूस फार बोलतं. शेजारच्या खोलीतल्या दोघी आधी उभ्या राहून बघत होत्या, मग बसल्या. एकीने किडकी शेंग माझ्या नाकासमोर धरून भाजी कुठून घेता ते विचारलं. जमिनीचा वाद मी तिथेच आत्याला सांगितला. तिने सातबाऱ्यावरचं एक नाव सांगितलं, जे आम्हा पाचांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

दादाच्या मुलाने कॉलेज सोडलं, हे मात्र तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. या रविवारी मी सांगणार आहे. दादा, हे वाचत असशील तर माझ्या आधी तूच फोन कर. साडेचारला, आणि वरच्या पट्टीत नको.