हार्डवेअरचे वकीलसाहेब

प्रत्येक आयटी कंपनीत असा एक गृहस्थ असतोच. यंत्र बंद पडलं याचं त्याला दुःख नसतं. बंद पडताना ते खोटं बोललं, हे त्याला सहन होत नाही. आमच्या पुण्याच्या ऑफिसातल्या नमुन्याला सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणतात. सर्व्हर सुरू होताना काळ्या पडद्यावरून ओळी धावतात, त्या आपण पाहतो, ते वाचतात. चष्मा कपाळावर चढवून, मान हलवत.

लिनक्स कर्नलच्या एका ओळीवर त्यांचा जुना राग : ‘ब्रोकन पीएमयू हार्डवेअर डिटेक्टेड’. पीएमयू म्हणजे प्रोसेसरमधले मोजणीदार. किती सूचना पार पडल्या, कॅश किती वेळा हुकली, हा हिशेब त्यांच्याकडे. सुरू होताना कर्नल त्यांच्या रजिस्टरमध्ये एक आकडा लिहितो आणि परत वाचून बघतो. जुळला नाही, की हार्डवेअर मोडकं! पण व्हर्च्युअल मशीनमध्ये रजिस्टरची किल्ली हायपरवायझरकडे. त्याने मोजणीदार द्यायचेच नाहीत असं ठरवलं, तर लिहिलेला आकडा तो बिनबोभाट गिळू शकतो.

“म्हणजे गिळणारा नामानिराळा, आणि आरोपी कोण? हार्डवेअर!” साहेब कडाडायचे. “अहो, त्याला साक्षीलासुद्धा बोलावलं नाही!”

पुढे कर्नलमध्ये सुधारणा झाली. आपण हायपरवायझरच्या घरात आहोत हे सांगणारा बिट दिसला, की आता ‘व्हर्च्युअलायझेशनमुळे पीएमयू उपलब्ध नाही’ एवढंच छापलं जातं. दुरुस्ती भलत्याच कुणाची. पेढे यांनी वाटले.

घरीही हेच. वहिनी म्हणाल्या, “मिक्सर बिघडला.” हे म्हणाले, “वीज गेलीय, म्हण. मिक्सरवर आळ कशाला?” कर्नलच्या संदेशांना ० ते ७ पातळ्या असतात, ० म्हणजे सर्वनाश, हे त्या माउलीला एव्हाना पाठ आहे. “चटणीशिवाय जेवावं लागेल, हे किती नंबरवर छापू?” त्यांनी विचारलं.

परवा एका नव्या मुलीने धीर केला. “सर, कागद संपलेला नाही, प्रिंटर ऑफलाइनही नाही, तरी तो एरर दाखवत असेल, तर कर्नल ‘एलपी झीरो ऑन फायर’ छापतो. तेही बदलायला पाठवू का?”

“खबरदार हात लावशील तर!”

“पण सर, आग लागलेली नसते ना...”

“नसू दे. प्रिंटरची बाजू मी घेत नाही.”